डाव्या खांद्यावरचा गूळ

झऱ्याचं पाणी लाल आलं, तेव्हाच सविता चरकली. जाखाईच्या, वाडीच्या देवीच्या, अंघोळीचं पाणी ती रोज सकाळी त्याच झऱ्यावरून आणायची. वाडीच्या डोक्यावरचा तो झरा ऐन आषाढातसुद्धा असा नितळ, की तळाचे खडे दिसावेत. आज मात्र हंड्यात गेरू कालवल्यासारखं पाणी पडलं. हंडा तिथंच ठेवून ती वर चढली. का चढली कोण जाणे. धो धो पावसात, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन बाईमाणसानं डोंगर चढायचं काही कारण नव्हतं. पण ते लाल पाणी तिला गप्प बसू देईना.

वर एका बंगल्याच्या रस्त्यासाठी डोंगर कापला होता. त्या कापाच्या वरच्या अंगाला जमीन फाटली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. करवंदीच्या जाळ्या सगळ्या खालच्या बाजूला कलल्या होत्या. सवितानं हातातली काठी भेगेत घातली, तर ती मुठीपर्यंत आत गेली आणि खाली कुठं टेकलीच नाही. आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. आणि भेगेच्या बरोबर खाली कडेवाडी, चुलींचा धूर निघतोय, कुणाचं तरी वासरू हंबरतंय. सविता माघारी वळली. उतरताना ती घसरून पडली, उठली, पुन्हा पडली, आणि झऱ्यापाशी ठेवलेला हंडा न घेताच घरांपाशी आली.

कडेवाडी लोणावळ्याच्या मागच्या अंगाला, भुशी धरणाच्याही पुढं. पावसाळ्यात सगळं जग भुशीच्या पायऱ्यांवर भिजायला येतं, भजी खातं, कणसं खातं आणि तिथूनच माघारी फिरतं. पुढं वाडी आहे हे कुणाच्या गावीही नसतं. वाडीत शब्द चालतो तो कोंडाजीआबांचा. सविता तशीच चिखलानं माखलेली त्यांच्या ओट्यावर गेली.

"आबा, डोंगूर फाटलाय."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "फाटतो की दरसाल थोडाथोडा. पाऊस लय हाय अवंदा."

"तसला न्हाई. झऱ्याचं पाणी लाल आलंय. काठी बुडती माजी भेगंत."

आबा हसले नाहीत. त्यांनी फोन काढला, तालुक्याला लावून बघितला, पण कालपासून वाडीत रेंजच नव्हती. फोन त्यांनी खिशात टाकला. म्हणाले, "मंग जाखाई आईलाच इचारू. वाडी सोडायची म्हंजी काय खेळ हाय का? तिचा कौल असंल तर आत्ता निघू. तिला न इचारता आपण कदी काय केलंय?"

सविताची खरी भीती सुरू झाली ती इथं.

आता कौल म्हणजे काय, ते आधी सांगून टाकायला हवं. जाखाई म्हणजे शेंदराची पुटं चढलेला, चांदीचे डोळे बसवलेला कमरेएवढा दगड. पण वाडीत दगड म्हणू नका, जीभ हासडतील. तिच्या दोन खांद्यांवर तगरीची दोन फुलं पाण्यात बुडवून चिकटवायची, मनातलं विचारायचं आणि हात जोडून उभं राहायचं. उजवं फूल आधी पडलं तर आईचा होकार, डावं पडलं तर नकार. लग्न, विहीर, घराचा पाया, सगळं या दोन फुलांवर ठरायचं. आणि फुलं लावायची ती गुरवानं.

गुरव होता सविताचा नवरा, निवृत्ती. तो काविळीनं गेला तेव्हा वाडीत कुजबुज झाली, रांडमुंड बाईच्या हातचं फूल आईला कसं चालायचं? तेव्हा उभे राहिले ते कोंडाजीआबा. म्हणाले, "आई बाईमाणूस न्हाई का? आन् तिला तरी कुटं मालक हाय?" त्यावर सगळ्यांची तोंडं बंद झाली. सविता पूजा करू लागली. ते दिवस वाईट होते हो. दिवसभर दुसऱ्याच्या खाचरात भात लावायचा, रात्री सासूला, भागुबाईला, भाकरी करून घालायची. देवळाचा पत्रा गळका, पावसाळ्यात आईच्या डोक्यावर थेंब थेंब पडायचा. सविता तिच्यावर आपला फाटका पदर धरायची. मागायची काहीच नाही. एवढंच म्हणायची, "तू हायेस ना, मंग झालं." तेवढीच तिची प्रार्थना, आणि त्या काळात तिला झोप गाढ लागायची.

पहिला गूळ लागला तो रुपालीसाठी. रुपाली म्हणजे कोंडाजीआबांची धाकटी. पोरीला नर्सिंगला जायचं होतं आणि आबांना तिचं लग्न उरकायचं होतं. ऐन वैशाखात आबा कौल विचारायला आले, पोरीला शिकायला धाडू का म्हणून. पोर मागं दाराशी उभी, डोळे सुजलेले. सविताला राहवलं नाही. प्रसादाच्या वाटीतला गुळाचा एवढासा खडा तिनं बोटानं ओला केला आणि डाव्या फुलाखाली दाबला. उजवं फूल पडलं. पोर शिकली. आता तळेगावच्या दवाखान्यात नोकरीला आहे, वराळ्यात खोली घेऊन राहते, आणि सणाला सविताला लुगडं आणते. कुणाचं वाईट झालं? कुणाचंच नाही. चांगल्यासाठी केलेली लबाडी अशीच असते, ती पचते. आणि पचली की पुन्हा भूक लागते.

पुढं सविताचं नाव झालं. कडेवाडीची गुरवीण लावते तो कौल खोटा ठरत नाही, अशी बोलवा पुण्यापर्यंत गेली. शनिवार-रविवारी देवळापुढं मोटारी लागू लागल्या. ज्या बायका तिच्या हातचं फूल नको म्हणत होत्या, त्याच आता तिच्या पाया पडू लागल्या. त्यातच एक बंगलेवाला आला. त्याला डोंगराच्या पोटातून रस्ता काढायचा होता, आणि जमीन वाडीची सामाईक. काही हो म्हणत होते, काही नको. शेवटी कौलावर आलं. आदल्या दिवशी तो माणूस देवळात येऊन नुसता वर बघत उभा राहिला. गळका पत्रा बघून म्हणाला, "मावशी, आईला चांगलं छप्पर नको का?" बस, एवढंच. लाच म्हणावी तर लाच नाही, वचन म्हणावं तर वचन नाही. दुसऱ्या दिवशी सवितानं गूळ लावला. आईसाठीच केलं, असं ती स्वतःला सांगत राहिली. सभामंडप झाला, गुळगुळीत फरशी झाली, पितळी घंटा आली. पण तेव्हापासून ती आईच्या चांदीच्या डोळ्यांकडं बघेनाशी झाली. पूजा करायची ती खाली मान घालून. 'तू हायेस ना' हे तोंडातून निघायचंच बंद झालं. न जाणो, नाही म्हणाली तर?

आणि आता त्या रस्त्याच्या कापावरच डोंगर फाटला होता. दुसऱ्या कुणाला नसेल ठाऊक, सविताला होतं. ही भेग जेसीबीनं पाडली नव्हती, ती तिच्या बोटानं पाडली होती.

वाडी देवळात गोळा झाली. सगळे भिजलेले. लेकरं आयांना बिलगलेली. सवितानं मनाशी ठरवलं होतं, आज शेवटचा गूळ. उजवं फूल पडलं पाहिजे, वाडी बाहेर निघाली पाहिजे, मग आईनं मला काय शिक्षा करायची ती करावी. पापाचा डाग पापानंच धुवायला निघाली होती बाई. तिनं डाव्या फुलाखाली नेहमीपेक्षा जास्तच गूळ दाबला, आणि उजवं नुसतं ओलं करून टेकवलं. घाईत तगरीची एक पाकळी गळून पडली.

आबांनी हात जोडले. "आई, डोंगूर फाटलाय म्हनत्यात. वाडी सोडू का?"

नव्या पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की शेजारच्याचा श्वास ऐकू येऊ नये. सविता उजव्या फुलाकडं बघत होती. पड गं बाई, पड. उजवं फूल हललं, खाली झुकलं. आणि तेवढ्यात डावं फूल खांद्यावरून सरळ घसरत आलं आणि फरशीवर पडलं.

"न्हाई म्हनती आई!" सखाराम ओरडला. सखाराम म्हणजे बंगल्यावरचा वॉचमन. त्यानं त्याच उत्साहात घंटा बडवली. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी रडायला लागलं, आनंदानं. आबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चला, घराला जावा. आईनं राखलं." उजवं फूल अजून खांद्याला लोंबत होतं, त्याच्याकडं आता कुणी बघत नव्हतं. सविता त्या पडलेल्या फुलाकडंच बघत राहिली. माणसं निघून गेली तरी ती तशीच उभी राहिली, घामानं डबडबलेली, भर पावसाळ्यात.

कारण गूळ लावलेलं फूल कधीच आधी पडलं नव्हतं. म्हणजे आज आई खरंच बोलली की काय? इतकी वर्षं सविता तिच्या तोंडून बोलत होती, आणि आज आईनं तिचा हात झिडकारून स्वतः सांगितलं की काय, की इथंच राहा? आणि तसं असेल तर आपण बघितलेली भेग, ते लाल पाणी, ते काय? डोंगराला भ्यावं की देवीला, हे तिला कळेना. इतकं भय तिला निवृत्ती गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

घरी आली तर भागुबाई चुलीपुढं बसलेली. म्हातारीला दिसायचं अगदी कमी, पण कान तिखट. "च्या कर गं पोरी, गुळाचा. अंग पार गारठलंय." सवितानं यंत्रासारखा गुळाचा डबा उघडला आणि ती बघतच राहिली. गुळाला पाणी सुटलं होतं. ढेप खाली बसून तिचा काकवीसारखा चिखल झाला होता. चमचा लावला तर तो घसरला.

आषाढात गुळाला पाणी सुटतं हे चुलीपुढच्या पोरीलाही ठाऊक असतं. रुपालीचा कौल वैशाखातला, रस्त्याचा कौल थंडीतला. तेव्हा गूळ वाळून घट्ट धरायचा. आज तो पाघळला आणि फुलाला घेऊन खाली आला. संसार केलेल्या बाईला एवढं कळू नये? सविता डबा मांडीवर घेऊन मटकन खाली बसली आणि तिनं सासूला सगळं सांगितलं, रुपालीपासून आजपर्यंतचं.

भागुबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "निवृत्तीच्या हातनं कौल कदी येवढा बिनचूक पडला न्हाई."

"आत्याबाई, पर आज आई बोलली का निस्ता गूळ पाघाळला? तेवढं सांगा."

"तू वाडीचं इचारलंसच कुटं गं? तू गूळ लावलास. मंग आईनं डाव्या हातानं तुज्या थोबाडीत दिली. त्यो कौल तुला हाय, वाडीला न्हाई."

"मंग मी आता काय करू?"

"मला काय इचारतीस? आबाला जाऊन सांग."

"वाडीतनं हाकलतील मला."

"हाकलू दे. डोंगरानं हाकलण्यापरीस बरं."

म्हातारीला बोलायला काय जातंय, असं सविताच्या मनात आलंच. अहो, इतकी वर्षं मिळवलेलं नाव, तो मान, पायावर डोकं ठेवणाऱ्या बाया, हे सगळं एका दमात मातीत घालायचं? आणि त्याहून सोपी वाट समोर होती. आबांचा पुतण्या गौरव टेम्पो घेऊन भुशीला कणसं पोचवायला निघणारच होता. सासूला घेऊन त्यात बसायचं आणि थेट वराळ्याला रुपालीकडं. कुणी विचारलं तर म्हातारीला दवाखान्यात दाखवायचंय म्हणायचं. सवितानं खरंच गाठोडं बांधलं. दोन लुगडी, सासूची औषधं, निवृत्तीचा फोटो. गाठोडं काखेत मारून ती दारात आली.

समोर आबा वरच्या गोठ्यात गुरं बांधत होते. सकाळी भ्यालेल्या माणसांनी गुरं खाली आणून ठेवली होती, ती आता आईच्या शब्दावर पुन्हा डोंगराच्या बुडाशी नेऊन बांधत होते. आबा एकेका बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, "भ्यायचं न्हाई रं, आई म्हनली राहा." सवितानं ते ऐकलं आणि तिच्या काखेतलं गाठोडं निसटून चिखलात पडलं. ती देवळाकडं पळाली आणि तिनं घंटा वाजवायला सुरुवात केली. अवेळी वाजलेली घंटा ऐकून वाडी पुन्हा धावत आली.

"सकाळचा कौल खोटा हाय," ती म्हणाली. "मी फुलाला गूळ लावला व्हता."

कुणालाच काही कळलं नाही. आबा पुढं आले आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "भ्यालीयास तू, सविता. तुला वाडी सोडायचीच हाय, म्हून असं काय बी बोलतीस."

"बघा मंग." तिनं आबांचा हात धरला आणि देवीपाशी नेला. जाखाईच्या डाव्या खांद्यावरून खाली एक चिकट ओघळ आला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. थेट फरशीपासून खांद्यापर्यंत. उजव्या खांद्यावर एक मुंगी नव्हती. आबांनी ओघळावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं. मग त्यांचा चेहरा असा झाला की सविताला वाटलं, डोंगर आत्ताच पडावा.

"बंगल्याच्या रस्त्याचा कौल?" सखारामनं विचारलं.

"त्यो बी मीच पाडला. या छपरापायी. त्या रस्त्यानंच डोंगूर फाटलाय."

आबांनी मान वर केली नाही. हळूच विचारलं, "आन् रुपालीचा?"

"त्यो बी."

आबा फरशीवर बसले. मग काय विचारता. सखारामच्या बायकोनं तिला नको नको ते शिव्याशाप दिले. कुणी म्हणालं झिंज्या धरून बाहेर काढा हिला, कुणी म्हणालं आईच्या अंगाला हात लावू देऊ नका. सविता खांबाला पाठ लावून उभी होती. पळाली मात्र नाही. शिव्या संपल्या तेव्हा एका म्हाताऱ्यानं घाबऱ्या आवाजात विचारलं, "मंग आईचं खरं म्हननं काय हाय? ऱ्हायाचं का जायाचं?"

तेवढंच तर कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे सविताकडं बघू लागले, आत्ता जिला शिव्या दिल्या तिच्याचकडं. आणि सविताला दिसलं की आत्ताही 'जा' म्हटलं, आईनं स्वप्नात सांगितलं म्हणून ठोकून दिलं, तर ही माणसं उठून जातील. शब्द अगदी जिभेवर आले होते.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "आईनं मला कदीच काय सांगितलं न्हाई. झऱ्याचं पाणी लाल आलंय आन् भेगंत काठी बुडती, येवढंच मला ठावं हाय. तुमी तुमच्या डोळ्यांनी बघून या."

आबा उठले. कुणाशी काही न बोलता काठी घेऊन पावसात वर निघाले. गौरव त्यांच्यामागं धावला. बाकीचे देवळात थांबले. आजवर आईला विचारून झोपणारी माणसं ती. आज पहिल्यांदा कुणाचाच शब्द हाताशी नव्हता, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच एक भीती होती. जो तो दारातून वर बघत होता. ढगात डोंगर दिसत नव्हता, त्यामुळं तो आणखीच जवळ आल्यासारखा वाटत होता.

दोघं परत आले ते जवळजवळ धावतच. आबांच्या हातात काठी नव्हती. गौरवचे ओठ पांढरे पडले होते. "काठी सोडली तर आतच गेली," तो म्हणाला. "आवाज बी न्हाई आला."

आबा एवढंच म्हणाले, "गुरं सोडा."

शेतकऱ्यानं गुरं सोडा म्हटलं की पुढं विचारायचं काही उरत नाही. दिवस मावळायच्या आत वाडी निघाली. कुणी पिठाचा डबा घेतला, कुणी टीव्ही, कुणी कोंबड्यांची डालगी. रविवार होता, भुशीच्या वाटेवर मोटारींची ही रांग. ओढ्याच्या पुलावर गौरवचा टेम्पो अडकला आणि ओलीचिंब पर्यटक पोरं गुरांच्या कळपाचे फोटो काढत उभी राहिली. एकानं विचारलं, कसली जत्रा आहे? गौरवनं भागुबाईला पुढं बसवून घेतलं. सविताला ये म्हणायला कुणी थांबलं नाही. ती गुरांच्याही मागून चालत गेली.

मुक्काम पडला खालच्या गावातल्या शाळेत. रात्र गेली आणि सकाळ झाली. ढग जरा उचलले तर डोंगर जिथल्या तिथं. दुपारपर्यंत कुरबूर सुरू झाली. लबाड बाईचं ऐकून घरदार सोडलं, कोंबड्या गेल्या, दूध नासलं. सखाराम उठला आणि म्हणाला, मी म्हशीची वैरण बघून येतो, आणि चालूही लागला. आणखी दोघं चपला शोधू लागले. सविता दाराशी बसली होती. कुणी तिला चहा विचारला नव्हता. डोंगर पडला तर वाडी जाणार, निवृत्तीनं बांधलेलं घर जाणार. नाही पडला तर ही माणसं परत जाणार आणि मग तो पडणार. दोन्हीकडून मरण. तिनं डोळे मिटले, पण आईला काय म्हणावं हेही तिला सुचेना.

आणि तो आवाज आला. दगडांनी भरलेली ट्रॉली एकदम पालथी करावी तसा, फक्त तो थांबेचना. शाळेची तावदानं थरथरली. बाहेर येऊन बघतात तो ओढ्यापलीकडं लाल धुरळा, पावसातही उडणारा, आणि ओल्या मातीचा वास. बायकांनी गळे काढले. सखारामची बायको नवऱ्याचं नाव घेत ओढ्याकडं धावली. तिला दोघींनी धरून ठेवलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग सखाराम येताना दिसला, नखशिखांत चिखल, चप्पल नाही. ओढ्याचं पाणी लाल बघून तो पुलावरच थबकला होता, एवढंच त्यानं पुढं सांगितलं. तो बायकोकडं गेला नाही. सरळ येऊन सविताच्या पायांवर कोसळला.

आणि इथूनच बघा कशी हवा फिरली ती. वाडीतली वरची सगळी घरं गेली होती. सभामंडप, फरशी, घंटा, काही राहिलं नव्हतं. जाखाई गळ्यापर्यंत चिखलात रुतलेली सापडली. पण माणूस एकही गेला नव्हता. दोन दिवसांत बोलवा झाली की आईनंच मुद्दाम डावा दिला, सविताबाईच्या तोंडून सत्य वदवायला. गूळ आईनंच पाघळवला. ज्या बाईनं शिव्याशाप दिले होते, तीच आता सविताला आपल्या हातानं जेवू घालू लागली. कॅमेरे घेऊन माणसं आली. लांबलांबची माणसं शाळेच्या दारात तिच्या दर्शनाला येऊन बसली. सविताला दरदरून घाम फुटायचा. शिव्या खाताना ती जेवढी भ्याली नव्हती, तेवढी ती या नमस्कारांना भ्याली. कारण ते गोड लागत होते. फक्त कोंडाजीआबा तिच्याशी एक शब्द बोलत नव्हते.

भाद्रपदात सरकारनं वाडीसाठी दोन जागा दाखवल्या. एक तळेगावच्या अंगाला, एक तिथंच जवळ टेकाडावर. कुठं जायचं यावर एकमत होईना. मग व्हायचं तेच झालं. पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेल्या आईपुढं वाडी गोळा झाली आणि सखारामनं तगरीची दोन फुलं सविताच्या ओंजळीत ठेवली.

"लाव, सविताबाई. आता तुज्या हातात आई हाय. तू लावशील त्यो कौल आमी मानू. डोळं झाकून."

आबा मागं दाराशी उभे होते.

सवितानं फुलं पाण्यात बुडवली. बोटांना वाट पाठ होती, तीच तिला धास्ती. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा तिनं मान वर करून आईच्या चांदीच्या डोळ्यांकडं बघितलं. एक डोळा मातीत गेला होता, एकच राहिला होता. पत्रा गळत होता, देवीच्या डोक्यावर थेंब थेंब पडत होता. सवितानं पदर काढून तिच्या डोक्यावर धरला. मग दोन्ही फुलं तिनं खांद्यांवर न लावता आईच्या पायाशी ठेवली. तिथून ती कुठंच पडणार नव्हती.

"तू हायेस ना," ती पुटपुटली. "मंग झालं." आणि मागं वळून म्हणाली, "कौल मी न्हाई लावायची, आजबी न्हाई आन् उद्याबी न्हाई. पूजा करीन, पाणी आणीन. जागा तुमी जाऊन बघा. वर डोंगूर कसा हाय, झऱ्याचं पाणी कसलं हाय, ते बघा. चिखलात काठी घालून बघा."

सखारामचं तोंड उतरलं. आता पुन्हा शिव्या सुरू होणार म्हणून सविता वाट बघत राहिली, पदर तसाच देवीवर धरून. हात भरून आला.

मागून आबा पुढं आले. देवीला त्यांनी नमस्कार केला, सविताकडं मात्र बघितलं नाही. पायाशी ठेवलेल्या फुलांकडं बघत ते घसा खाकरून म्हणाले, "काठी दे मंग तुजी. माजी तर डोंगरानं ठिवून घेतली."

सवितानं कोपऱ्यातली काठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.